तांब्याचे म्हणून लोखंडाचे 12 साचे माझ्या गळ्यात मारले

105 युरो 99 सेंट. त्यातले 96 साच्यांचे, 4.49 टपालाचे आणि 5.50 जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ॲपच्या ‘खरेदीदार संरक्षणा’चे. सगळ्यात जास्त संताप मला त्या 5.50 चा येतो.

फ्रान्समधल्या बोर्दोत राहायचं आणि कानले, म्हणजे इथले ते छोटे केक, घरी करायचे नाहीत, हे मला पटत नव्हतं. बाहेरून काळपट, कडक कॅरॅमलचं कवच आणि आत रम-व्हॅनिलाचा मऊ, ओलसर गाभा. सिलिकॉनच्या साच्यात ते कवच मला कधीच मनासारखं जमलं नाही. तांब्याचा साचा उष्णता झटकन आणि सगळीकडून सारखी देतो, आतून त्याला कथलाची कल्हई असते. पण दुकानात असा एकेक साचा 20 युरोच्या आसपास, म्हणजे 12 चे 240. म्हणून जुने घ्यायचं ठरवलं.

जाहिरातीत लिहिलं होतं: तांब्याचे, कल्हई केलेले, आजीचे, घर बदलतोय म्हणून विकतोय. एक साचा 8 युरोला. ‘एवढं स्वस्त पाहून शंका कशी आली नाही?’ हे मी आता दहा जणांकडून ऐकलंय. अहो, 2 युरोला असते तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं. वापरलेल्या वस्तूला 8 युरो हा कुणालाही पटेल असाच भाव होता आणि विक्रेत्याने तो विचार करूनच लावला होता. मी विचारलंही होतं, ‘खरं तांबंच ना?’ ‘हो मॅडम, आजी दर रविवारी करायची,’ असं उत्तर आलं. जाहिरातीत अगदी तळाशी मात्र ‘फिनिसियों क्वीव्र’ असे दोन शब्द होते. म्हणजे वरून नुसता तांब्याचा मुलामा. मी ते वाचले होते. मला फ्रेंच येतं. पण वर मोठ्या अक्षरांत ‘तांब्याचे’ लिहिलेलं असताना तळातल्या दोन शब्दांवर कोण अडून बसतं?

पार्सल गुरुवारी आलं. हातात घेतलं तेव्हाच हलकं लागलं. पेटीवरच्या चिठ्ठीत वजन छापलेलं होतं, 560 ग्रॅम, खोक्यासकट. 12 तांब्याचे साचे, 560 ग्रॅम! तेवढ्यात त्याचा मेसेज: ‘ट्रकवाल्याला पैसे द्यायचेत, मिळालं असेल तर कृपया बटण दाबा.’ ॲप तक्रारीसाठी 2 दिवस देतं, आणि ‘सगळं ठीक आहे’ दाबलं की पैसे लगेच विक्रेत्याकडे जातात. मी ओट्याशी उभी होते. फ्रिज दोन पावलांवर, त्यावर मुलीच्या शाळेचं वेळापत्रक लावलेला लोहचुंबक. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे मला शाळेपासून माहीत आहे. तो काढून साच्याला लावायला तीन सेकंद लागले असते. मी बटण दाबलं. एका माणसाचं घर बदलणं अडलंय, आपण कशाला ताणून धरायचं, एवढंच डोक्यात होतं. रात्री झोपताना अजूनही तो फ्रिज डोळ्यांसमोर येतो.

पुढचे दहा दिवस मी स्वतःलाच दोष देत होते. मिश्रण 48 तास फ्रिजमध्ये ठेवलं, मधमाशीचं मेण आणि लोणी वितळवून साच्यांना लावलं (मेण 11.90 युरो). पहिला घाणा डोक्यावर पांढरा. इथले लोक त्याला ‘क्यू ब्लां’ म्हणतात. खऱ्या तांब्यातही तसं होतं, त्यामुळे साच्यांवर संशय आलाच नाही. दुसरा पांढरा, तिसरा खाली करपलेला आणि वर फिकट. 14 युरोच्या व्हॅनिलाच्या शेंगा संपल्या.

मग लिंबू-मीठ लावून साचे घासले. एका पन्हाळीत नखाखाली तांब्याचा पापुद्रा उचलला गेला, कांद्याच्या सालीसारखा पातळ, आणि खाली करडं लोखंड. सकाळी त्याच जागी नारिंगी गंज. शेजारणीचा खरा साचा आणून काट्यावर ठेवला: 94 ग्रॅम. माझा 41. लोहचुंबक माझ्या साच्याला टक्कन चिकटला.

ॲपचं उत्तर आलं की तुम्ही स्वतः ‘ठीक आहे’ म्हणालात. गंजाचे, वजनाचे फोटो पाठवले, तरी तेच वाक्य. ग्राहक-तक्रारींच्या सरकारी सेवेने सांगितलं की विक्रेता खासगी व्यक्ती असल्याने हे त्यांच्या कक्षेत येत नाही. 14 दिवसांत माल परत करण्याचा हक्कही फक्त व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलं तरच. पण त्याच्या खात्यावर ‘आजीच्या साच्यां’चे चार संच विकले गेलेले दिसतात! खासगी माणसाला किती आज्या असतात? यावर उत्तर नाही. पोलीस चौकीत पन्नास मिनिटं बसवलं आणि ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून बाहेर काढलं. फसवणूक इथल्या दंडसंहितेत गुन्हा आहे, कलम 313-1, हे मी त्यांना सांगितलं. ‘केक नीट झाला नाही म्हणून?’ असं विचारलं त्या माणसाने. हो, माझे 105 युरो गेलेत म्हणून! शेवटी मोफत समेट करून देणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेले. त्याला विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता ॲपकडे. ॲप म्हणतं, पोलिसांनी मागितल्याशिवाय देणार नाही. पोलीस मागणार नाहीत. प्रत्येक खिडकीवर माणसं नम्रपणे बोलतात आणि पुढची खिडकी दाखवतात.

घेणार असाल तर आधी साचा काट्यावर ठेवलेला फोटो मागा, चुंबक लावून व्हिडिओ मागा. द्यायला टाळाटाळ झाली की सोडा. आतला भाग आरशासारखा चकचकीत असेल तर संशय घ्या. हाताने केलेली जुनी कल्हई मंद, करडी दिसते आणि तिच्यावर पुसल्याच्या रेघा असतात. कुणी कितीही घाई करो, 2 दिवस पूर्ण वापरा. खरे मिळाले तर रिकामे साचे कडक ओव्हनमध्ये तापवत ठेवू नका, कथील 232 अंशांना वितळतं. आणि जाहिरातीचा फोटो इंटरनेटवर शोधून बघा. मी तो नंतर शोधला.

तोच फोटो, मागे तीच कोपरा उडालेली निळी फरशी, नवीन नाव, आजी तीच. मी तक्रार केली. सहा मिनिटांत उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. जाहिरात आज सकाळीही होती, किंमत 99 युरो.