फाशांचा मनोरा: डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीसोबत नऊ महिने

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ; प्रत्येक जण त्यात एक पात्र होतो. आमच्या टेबलावर फायटर (योद्धा) खेळणाऱ्या मित्राला एक सवय आहे. करायला काही नसलं की तो सहा बाजूंचे फासे एकावर एक रचत बसतो. फासे त्याचे नसतात, विझार्डवालीचे, म्हणजे जादूगार खेळणारीचे, असतात. तिच्याकडे लाल रंगाचे बरोबर आठ आहेत. पात्रं पाचव्या लेव्हलला (अनुभवाच्या पायरीवर) पोचल्यानंतर हे ठरूनच गेलं होतं: मनोरा सात मजली झाला की ती हात पुढे करणार, "दे रे इकडे, फायरबॉल टाकायचाय."

नऊ महिने, एकतीस सेशन, पहिल्या लेव्हलपासून नवव्यापर्यंत. मी डीएम, डंजन मास्टर: गोष्ट आणि शत्रू चालवणारी. खेळणारे चौघं: फायटर, विझार्ड, क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी) आणि रोग (इंग्रजी rogue, चोर). (या शेवटच्या नावाची नऊ महिन्यांतही सवय झालेली नाही. "आमच्यात एकीला रोग आहे" असं एकदा बाहेरच्या माणसासमोर बोलून गेले, तर तो चांगलाच काळजीत पडला.) नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४च्या पुस्तकांतले. शेवटचे दोन महिने २०२४चे सुधारित. क्लासेसमध्ये, म्हणजे फायटर, विझार्ड अशा पात्रांच्या प्रकारांमध्ये, समतोल आहे की नाही यावर आधी जे काही वाचलं होतं, ते बहुतेक डॅमेजच्या आकडेमोडीत अडकलेलं होतं. मीही आकडेमोड केली, वही भरली. पण हळूहळू वही बाजूला पडली आणि मी मनोऱ्याची उंची बघायला लागले.

पहिल्या चार लेव्हलबद्दल तक्रार नाही. तिथे फायटर राजा असतो. विझार्डकडे पहिल्या लेव्हलला दोनच स्लॉट, म्हणजे विश्रांतीपर्यंत दोनदाच मोठी जादू. एकदा स्लीप (झोपेची जादू) टाकलं, तीन गॉब्लिन घोरायला लागले, सगळे खूश. पण त्यानंतर ती खांबामागे लपूनच असायची, कारण एक बरा वार बसला की आडवी.

पाचव्या लेव्हलला गाडी रूळ बदलते. एका खिंडीत सात ऑर्क उभे केले होते, तासभर चालेल अशी लढाई आखून. इनिशिएटिव्हला, म्हणजे कोणाची पाळी आधी या फाशाला, विझार्ड पहिली. फायरबॉलचे आठ फासे टाकले, बेरीज ३१. सेव्ह (शत्रूचा बचावाचा फासा) यशस्वी झाला तरी अर्धं डॅमेज, म्हणजे १५. पुस्तकातल्या ऑर्कला हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, किती? १५. मी सेव्हचे फासे उचललेसुद्धा नाहीत. फायटरची पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "मी तलवार काढली होती का?" मी म्हटलं, हो. "मग आत ठेवतो." सगळे हसले, तोही हसला. पुढच्या तीन सेशनला मात्र तो मोबाइल बघत होता.

आता आकडे. एकच शत्रू समोर असेल तर फायटर अजिबात मागे नाही. ग्रेटस्वर्डचा एक वार आमच्या हिशोबाने सरासरी ११, पाचव्या लेव्हलला दोन वार, आणि अॅक्शन सर्ज (एका पाळीत जादा वार देणारी त्याची क्षमता) लावला तर चार. सगळे बसले तर ४४. फायरबॉलची सरासरी २८. फरक एवढाच की ते २८ वीस फुटांच्या त्रिज्येत जो जो उभा आहे त्या प्रत्येकाला. तरीही हे मला खटकलं नाही. घोळक्यावर विझार्ड, एकट्या राक्षसावर फायटर, ही वाटणी मला मान्य आहे.

खटकलं ते दुसरंच, आणि त्यात निम्मी चूक माझी. २०१४च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात म्हटलंय की पार्टी (खेळणाऱ्यांचा चमू) एका दिवसात साधारण सहा ते आठ मध्यम किंवा अवघड चकमकी झेलू शकते. आमच्याकडे दिवसाला एक व्हायची. जंगलातला चार दिवसांचा प्रवास, एखाद्या दिवशी हल्ला, मग "लाँग रेस्ट घेऊ या", म्हणजे रात्रभराची विश्रांती, की स्लॉटसकट सगळे ताजेतवाने. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे नऊ स्लॉट असतात आणि लढाई तीन-चार फेऱ्यांत संपते. नऊ नोटा खिशात आणि दुकान एकच! ती उधळणार नाही तर काय करणार? फायटरचा अॅक्शन सर्ज तासाभराच्या शॉर्ट रेस्टने परत येतो, हीच त्याची खरी मिळकत. पण दिवसात दुसरी लढाईच नसेल तर त्या मिळकतीला अर्थ काय? म्हणजे समतोल क्लासच्या पानावर नाहीच, तो रेस्टच्या पानावर आहे. हे कळायला मला चार महिने लागले.

पाचव्या महिन्यात त्याच पुस्तकातला एक पर्यायी नियम लावला: शॉर्ट रेस्ट आठ तासांचा, लाँग रेस्ट सात दिवसांचा. विझार्डवाली भडकली. "सगळ्यांचा खेळ सुधारायचा आणि कात्री माझ्याच खिशाला?" तिचं एक म्हणणं अगदी रास्त होतं. मेज आर्मर हे तिचं जादूचं चिलखत आठ तास टिकतं, ते रोज टाकायचं तर आठवड्यात सात स्लॉट त्यातच जातात. मग आम्ही ते पुढच्या लाँग रेस्टपर्यंत टिकेल असं ठरवलं. क्लेरिकवाल्याचे हाल झाले ते झालेच. हीलिंगसाठी सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे आणि तो सावकारासारखा हिशोब करायचा.

पण टेबल बदललं. विझार्डवाली प्रत्येक दारापाशी थांबून विचार करू लागली. "दोनच राहिलेत, हे तुम्ही बघा" असं वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं, आणि 'तुम्ही' म्हणजे फायटर आणि रोग. मनोरा तीन मजल्यांच्या वर जाईना.

लढाईपुरतं हे औषध लागू पडलं. लढाईबाहेर नाही, आणि माझी पाचव्या आवृत्तीवरची खरी नाराजी इथेच आहे. नदी ओलांडायची, तटावर चढायचं, सरदाराच्या वाड्यात शिरायचं: विझार्डकडे फ्लाय (उडायची जादू), सातव्या लेव्हलपासून डायमेन्शन डोअर (क्षणात दुसरीकडे पोचायची). फायटरकडे काय? २०१४च्या त्याच्या पानावर लढाईबाहेरचं जवळजवळ काहीच नाही. तो एकदा म्हणाला, "डॅमेज कमी-जास्त असू दे गं. पण अडचण आली की सगळे आधी तिच्याकडे बघतात, आणि मग तिच्याकडेच बघत राहतात."

याच नियमांत एक जागा मात्र फार सुरेख जमली आहे. नॉक हे दुसऱ्या लेव्हलचं स्पेल कुलूप उघडतं खरं, पण उघडताना ३०० फुटांपर्यंत ऐकू जाईल असा ठणका होतो. किल्ल्याच्या तळघरात विझार्डवाली बोट उगारून तयार होती. रोगवालीने तिचा हात खाली केला, "बाई, पहारेकरी झोपलेत." मग तिने अवजारं काढली, फासा टाकला, १९. एकच काम, दोघींचे दोन मार्ग, आणि जादूच्या मार्गाला किंमत. अशी किंमत वरच्या स्पेलना का लावली नाही? नवव्या लेव्हलला वॉल ऑफ फोर्स, म्हणजे जादूची अदृश्य भिंत, येतं. त्याला सेव्ह नाही, ते कुठल्याही डॅमेजने तुटत नाही आणि कॉन्सन्ट्रेशन (जादूवरचं लक्ष) टिकलं तर दहा मिनिटं राहतं. अर्धी फौज काचेपलीकडे नाक दाबून उभी. मी डीएम म्हणून काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?

जुन्या लोकांनी याचा विचार केला नव्हता असं नाही. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला जायला चोराला अनुभवाचे १२५० गुण पुरायचे, फायटरला २०००, विझार्डला २५००. म्हणजे ताकद हवी असेल तर हळू वाढा. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना एकच तक्ता दिला. २००८च्या चौथीत प्रत्येक क्लासला हवं तेव्हा वापरायची, चकमकीत एकदाची आणि दिवसातून एकदाची अशा एकाच साच्यातल्या शक्ती मिळाल्या. ती मी थोडीच खेळले आहे. समतोल होता, पण फायटर आणि विझार्ड एकाच गिरणीचं पीठ वाटायचे. त्यापेक्षा मला आताची ओढाताण परवडली.

आठव्या लेव्हलला सगळ्यांच्या पात्रांची शीट २०२४च्या नियमांवर आणली. फायटरला वेपन मास्टरी मिळाली: ग्रेटस्वर्डचा वार हुकला तरी थोडं डॅमेज, मॉल (मोठा हातोडा) लागला तर समोरचा आडवा पडण्याची शक्यता. शिवाय लढाईबाहेरही, एखादी चाचणी फसली तर सेकंड विंडचा (दम परत मिळवायच्या त्याच्या क्षमतेचा) एक वापर लावून १डी१०, म्हणजे दहा बाजूंचा एक फासा, मिळवता येतो, आणि तरीही फसली तर तो वापर खर्ची पडत नाही. फ्लायच्या तुलनेत चिल्लरच, पण भिंतीवर चढायला तो आता स्वतःहून पुढे होतो. वॉल ऑफ फोर्सचं दुखणं कायम आहे.

मागच्या सेशनला पुलावर ओगर नावाचा राक्षस होता. लाँग रेस्ट होऊन सहा दिवस झालेले, विझार्डवालीकडे पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट शिल्लक. फायटरने ग्रेटस्वर्ड पाठीला लावून मॉल हातात घेतला. पहिला वार हुकला, दुसरा बसला, सेव्ह फसला, ओगर पुलावर उताणा. मी वर बघितलं तर विझार्डवाली लाल फाशांचा मनोरा रचत होती, पाचवा मजला चालू होता. रोगवालीने ओगरकडे न बघताच हात पुढे केला. "स्नीक अटॅक. पाच दे गं त्यातले."