अॅडापेलिन की ट्रेटिनॉइन?

मुरमांवरची ही दोन्ही जेल रेटिनॉइड गटातली, म्हणजे व्हिटॅमिन ए-सारखं काम करणारी; दोन्ही रात्री लावायची. पण पहिल्यांदाच लावणार असाल तर माझा कौल ०.१ टक्का अॅडापेलिनला. ते कमी जळजळतं, उजेडात टिकतं आणि बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरच्या दुसऱ्या औषधाबरोबरही चालतं. ट्रेटिनॉइन, साधारण ०.०२५ टक्क्यापासून सुरू होणारं, डागांवर आणि त्वचेच्या पोतावर चांगलं काम करतं. मात्र ते उजेडात निकामी होतं, बेंझॉइल पेरॉक्साइडसोबत तर बहुतेक जुनी जेल बिघडतातच, आणि साली निघणं, लाल होणं जास्त.

लावायची पद्धत सारखीच: चेहरा पूर्ण कोरडा, मटारच्या दाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्याला, नुसतं फोडावर टिपका नाही. सुरुवातीला एक दिवसाआड. डोळे, ओठ, नाकाचे कोपरे वगळा. सकाळी सनस्क्रीन हवंच. पहिल्या काही आठवड्यांत पुरळ वाढल्यासारखं दिसतं; फरक कळायला ८ ते १२ आठवडे लागतात.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर दोन्ही टाळा, डॉक्टरांना आधी सांगा. आणि मेडिकलवाला ‘हेच घ्या’ म्हणत ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारं औषध) आणि स्टेरॉइड असं तिहेरी क्रीम पुढे करेल, ते मुरमांसाठी नाही. उलट त्यातल्या स्टेरॉइडनेच मुरमं उठतात.