शहापुरातल्या पेंटरकाकांनी केलेला आमच्या खानावळीचा बोर्ड

बेळगावात हातानं बोर्ड रंगवणारे आता मोजकेच राहिलेत, जिकडं बघाल तिकडं फ्लेक्स, म्हणून शहापुरातल्या ज्या पेंटरकाकांकडनं आम्ही आमच्या खानावळीचा बोर्ड करून घेतला त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय. मे महिन्यात बोर्ड लावला, अख्खा पावसाळा त्याच्यावर कोसळला (बेळगावचा पाऊस काय असतोय ते इथल्यांना सांगायला नको) आणि अजून एक टवका उडालेला नाही.

आमची खानावळ मध्यवर्ती बसस्थानकाच्या जवळ, आजोबांनी काढलेली. जुना पत्रा पार गंजला होता, त्याच्यावर आजोबांनी लिहून घेतलेलं ‘भोजनालय व बोर्डिंग’. आईचं एकच म्हणणं, जे होतं तेच पाहिजे, शब्द बदलायचा नाही. काकांनी कागद बघितला आणि पहिल्यांदा हेच विचारलं, ‘‘बोर्डिंग कशाला ठेवूलालास गा, लोक खोली विचारत येतील की.’’ खरं होतं ते. गेली कित्येक वर्षं बॅगा घेऊन पोरं येतात, रूम आहे काय, भाडं किती, आणि आई प्रत्येकाला सांगते बाबा इथं फक्त जेवण मिळतं.

मग मी जरा खोलात गेलो, कारण आजोबा चुकले असतील असं मनाला पटेना. आणि ते चुकले नव्हतेच! बोर्ड म्हणजे जुन्या इंग्रजीत साधी लाकडाची फळी. त्या फळीचं झालं टेबल, आणि टेबलावर जे वाढतात त्या जेवणालाही बोर्डच म्हणायला लागले. म्हणून लॉजवर ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ असे दोन शब्द असतात, बोर्डिंग म्हणजे जेवण आणि लॉजिंग म्हणजे राहणं, नाहीतर दोनदा लिहायचं कारणच काय. आपल्याकडं बोर्डिंग म्हटलं की होस्टेल डोळ्यापुढं येतं त्यालाही कारण आहे, शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, तिथं गावोगावची पोरं राहायची आणि जेवायचीही, मागनं अशी बरीच बोर्डिंगं निघाली आणि शब्द राहण्यालाच चिकटून बसला.

हे मी काकांना सांगितलं तर ते ब्रश पुसता पुसता म्हणाले, ‘‘मग आपला पाट तसाच की. पाट मांडले म्हणजे काय सुतारकाम केलं काय, जेवायला वाढलं.’’ मी बघतच राहिलो. पाट म्हणजे फळी, पाटपाणी केलं म्हणजे जेवणाची तयारी केली, आणि त्याच घरातली पाटी, दुकानावर लावतात ती. म्हणजे जेवणाची फळी आणि नावाची फळी, इंग्रजीत जसं तसंच मराठीत. शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकलो पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं, रंगाच्या डब्यांमध्ये बसून कळलं.

त्यानंतर रोज एक बोर्ड सापडायला लागला. बसवर ‘बोर्ड बघून चढ’, भिंतीवरच्या बोर्डात चार्जर घाल, पोराचं यंदा बोर्ड आहे म्हणजे दहावी, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड. हे शेवटचं बोर्ड म्हणजे एका टेबलाभोवती बसून कारभार बघणारी माणसं, कंपनीचं संचालकांचं बोर्डही तेच. सांबऱ्याला विमानाचा बोर्डिंग पास मिळतो त्याचं मूळ मात्र जहाजाच्या बाजूच्या फळ्यांत आहे, ऑन बोर्ड म्हणजे जहाजावर, त्याचा जेवणाशी संबंध नाही.

आता कामाबद्दल. बोर्ड सहा बाय तीन फुटांचा, पत्र्याला आधी रेड ऑक्साईड, मग पिवळा बेस, त्यावर लाल आणि काळा ऑइलपेंट. २०२४ पासून बोर्डावर ६० टक्के कन्नड लागतं, ते काकांनी अंदाजानं नाही केलं, टेप लावून जागा मोजली आणि खडूची पूड लावलेला दोरा ताणून टणकन सोडला की सरळ पांढरी रेघ उमटायची. डाव्या हातात काठी आडवी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवून लिहितात, हात जराही हलत नाही. मराठीला वरची रेघ असते, अक्षरं तिला लटकवायची, कानडी अक्षरं गोल, ती खालनं बसवून घ्यायची, असं त्यांचं म्हणणं, आणि खानावळ हा शब्द दोन्ही भाषांत चालतो हेही त्यांनीच दाखवलं. आईला विचारून बोर्डिंग तसंच ठेवलं, फक्त शेजारी त्यांनी आपल्या मनानं एक ताट काढलं, भाकरी, भरलं वांगं, चटणीचा ठिपका, आणि ताटाखाली पाट. पाटाच्या फळीवरच्या रेषासुद्धा काढल्यात, जवळ जाऊन बघा.

तक्रार आहे ती पण सांगतो. आठ दिवस म्हणाले आणि सतरा दिवस लावले, फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. इंग्रजी ओळीत शेवटची दोन अक्षरं दाटीवाटीनं बसलीत, मला रोज खुपतात. टेम्पो आम्हालाच करावा लागला. चौरस फुटाला १८० रुपये म्हणजे ३,२४० झाले, फ्लेक्सपेक्षा बरेच जास्त, पण मला ते जास्त वाटत नाहीत.

रूम विचारणारी पोरं अजून येतात, पण आता कमी. परवा एकजण बॅग घेऊन आला, बोर्डाकडं बघितलं, ताट दिसलं तसा बॅग कोपऱ्यात ठेवून हात धुवायला गेला. आईनं मला आतनं हाक मारून दाखवलं.

काकांकडं जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, आणि मजकूर तिन्ही भाषांत कागदावर लिहून न्या. कानडीतलं ऱ्हस्व-दीर्घ ते स्वतः तपासून देतात.