वरचे ३२ बिट शून्य आहेत का, हे कुठे तपासावं: इन्स्ट्रक्शन निवडताना की निवडून झाल्यावर?

एलएलव्हीएम या कंपायलरच्या बॅकएंडमध्ये (शेवटी मशीन कोड काढणाऱ्या भागात) चुकीचा कोड निघतोय हे कळलंय, पण पॅच कुठे घालावा हे ठरत नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय. उदाहरण एकच घेतो, कारण त्यात दोन्ही वाटा स्पष्ट दिसतात.

६४-बिट एक्स८६ आणि ६४-बिट आर्म, दोन्हीकडे ३२-बिट रजिस्टरमध्ये लिहिलं की वरचे ३२ बिट आपोआप शून्य होतात. त्यामुळे ३२-बिट बेरजेचं उत्तर ६४ बिटांत झिरो-एक्स्टेंड करायला (वरचे बिट शून्याने भरून रुंद करायला) वेगळी इन्स्ट्रक्शन लागत नाही, आणि सिलेक्शनचा, म्हणजे इन्स्ट्रक्शन निवडण्याच्या टप्प्याचा, पॅटर्न हा फायदा उचलतो. पण ही हमी खरोखर काही लिहिलं गेलं तरच. ट्रंकेट म्हणजे ६४-बिट रजिस्टरच्या खालच्या अर्ध्या भागाकडे नुसतं बघणं. वरचा कचरा जागच्या जागी राहतो. म्हणून वरचे बिट शून्य धरायचे का हे ठरवणाऱ्या ‘डेफ३२’ या तपासणीत ट्रंकेट, कॉपीफ्रॉमरेग (रजिस्टरमधून नुसती कॉपी) वगैरे नोड, म्हणजे कोडच्या आलेखातल्या क्रिया, वगळलेले असतात. २०२० साली एलएलव्हीएम १० मध्ये फ्रीझ आलं, म्हणजे अनिश्चित किंमत एका ठरावीक किंमतीवर पक्की करणारी क्रिया. त्याचीही शेवटी नुसती कॉपी होते, पण सुरुवातीला ते त्या यादीत नव्हतं. ट्रंकेट, त्यावर फ्रीझ, त्यावर झिरो-एक्स्टेंड अशी साखळी जुळली की वरचे बिट शून्य करणारी आवश्यक ती मूव्ह निघतच नसे. आकडे लहान असेपर्यंत सगळं बरोबर चालतं, म्हणून हा बग फार छळतो.

पहिली वाट: फ्रीझला वगळायच्या यादीत टाका. एका ओळीचा बदल, वाचणाऱ्याला लगेच पटतो, आणि चुकला तरी जास्तीची एक मूव्ह निघेल, उत्तर चुकणार नाही. तोटा म्हणजे बेरजेवर फ्रीझ असेल तिथेही ती मूव्ह येते. आर्मवर ४ बाइट. मला खटकतं ते वेगळंच. ही यादी नकारांची आहे. उद्या कुणी नवा नोड आणला आणि इथे नोंदवायला विसरला, तर हाच बग पुन्हा येईल. शिवाय सिलेक्शनडॅग (ज्यावर इन्स्ट्रक्शन निवडल्या जातात तो आलेख) एका वेळी एकच बेसिक ब्लॉक, म्हणजे मध्ये उडी नसलेला कोडचा सलग तुकडा, बघतो. दुसऱ्या ब्लॉकमधून आलेली किंमत मुळात कुणी लिहिली, हे त्याला दिसत नाही.

दुसरी वाट: निवडताना कुणावरच विश्वास ठेवू नका, मूव्ह काढा, आणि नंतर मशीन इन्स्ट्रक्शनच्या पातळीवर पीपहोल पासमध्ये (जवळजवळच्या इन्स्ट्रक्शन बघून छोट्या सुधारणा करणाऱ्या टप्प्यात) नको असलेली पुसा. आर्मच्या बॅकएंडमध्ये अशी पुसणी आहेच: मूव्हचा स्रोत खरी आर्म इन्स्ट्रक्शन असेल तरच ती जाते, नुसती कॉपी किंवा फाय (वेगवेगळ्या ब्लॉकमधून येणाऱ्या किंमतींतून एक घेणारा नोड) असेल तर राहते. इथे प्रश्न होकारार्थी विचारला जातो, ‘हे शून्य करतं हे मला नक्की माहीत आहे का?’ अनोळखी गोष्ट आली तर कोड थोडा लांबतो, बिघडत नाही. कोड अजून एसएसए रूपात (प्रत्येक किंमत एकदाच लिहिली जाते अशा रूपात) असल्यामुळे ब्लॉकची भिंतही आड येत नाही. पण काम मोठं आहे. असंख्य टेस्टचं आउटपुट हलतं, आणि सिलेक्शनमधले जे पॅटर्न मूव्ह नाही असं धरून जुळतात, ते कदाचित जुळेनासे होतात.

फ्रीझच्या आत डोकावून खालचा नोड बघायचा, हा मधला मार्गही सुचतो. मी तो घेणार नाही. नकारांची यादी तशीच राहते आणि वर गुंतागुंत वाढते.

रिलीज ब्रँचवर पॅच न्यायचा असेल तर डोळे मिटून पहिली वाट धरा. मुख्य ब्रँचवरही आधी तीच जाऊ द्या, कारण चुकीचं उत्तर देणारा कंपायलर एक दिवसही तसा राहू नये. दुसरी वाट त्यानंतर, स्वतंत्र पॅच म्हणून, आणि तुमच्या बॅकएंडला असा पीपहोल आधीपासून असेल तरच लगेच.

टेस्ट मात्र दोन्हीकडे सारखीच लिहा: ट्रंकेटवर फ्रीझ, बेरजेवर फ्रीझ, आणि दुसऱ्या ब्लॉकमधून आलेली किंमत. अपेक्षित आउटपुट स्क्रिप्टने भरलंत तरी असेंब्ली स्वतः वाचा. स्क्रिप्ट चुकीचं आउटपुटही तितक्याच निष्ठेने ‘अपेक्षित’ म्हणून नोंदवते.