रिपोर्टात चिंगी 'नर' होती, तरी मी पैसे भरले

44,000 रुपये गेले. 1,500 घरी येण्याचे, 6,500 तपासणीचे, प्रत्येकी 18,000 ची दोन इंजेक्शनं. आकडे मुद्दाम लिहितेय, कारण मांजरांचा डॉक्टर म्हणवणारा तो माणूस गोव्यात, डिचोलीत अजून फिरतोय.

चवथीच्या आदल्या आठवड्यात आमच्या मांजरीच्या, चिंगीच्या आचळाजवळ गाठ हाताला लागली, वाटाण्याएवढी. ओळखीतून नंबर मिळाला, मांजरांचा कॅन्सर बघणारे मुंबईचे डॉक्टर, घरी येतात. माझ्या सासूबाई याच दुखण्याने गेल्या. तो शब्द ऐकला की माझे हातपाय गळतात, आणि हे त्याने पाच मिनिटांत ओळखलं. सुई टोचून नमुना घेतला. "वहिनी, आजच मुंबईला पाठवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मोबाईलवर रिपोर्ट. वर लिहिलेलं 'बायोप्सी'. मांसाचा तुकडा काढलाच कुठे होता? तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, मग काप काढून बघायचे. एका रात्रीत होत नाही ते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण खाली लिंग 'नर' होतं, ते तर वाचता येत होतं! चिंगी तीनरंगी. काळा, पांढरा, तांबूस तिन्ही रंग असले की मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, आणि हिने तर माझ्याच कपाटात पिल्लं घातलीत. मी वाचलं, नवऱ्याला दाखवलं, "टायपिंगची चूक असेल" असं मीच म्हटलं आणि मीच 18,000 पाठवले. अजून रात्री ते आठवून उठून बसते.

इंजेक्शनच्या बाटलीवर लेबल नव्हतं. 'परदेशी आहे, बर्फात सुटलं.' कंपनी, बॅच नंबर, मुदत नसलेलं काहीही टोचू देऊ नका. दुसऱ्या वेळी त्याने रोख मागितले, तेही दिले. मग फोन उचलेना.

पोलिसांत हवालदार हसला, "माजराक इतले पयशे?" अर्ज घ्यायला तीन खेपा, वर 'ग्राहक आयोगाकडे जा'. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लागला तोवर तीन आठवडे उलटलेले, पैसे खात्यातून केव्हाच पुढे गेलेले. तुम्ही त्याच तासाला करा. पशुसंवर्धनच्या कचेरीत तर कळस: 'तो नोंदणीकृत डॉक्टरच नाही, आम्ही कारवाई कुणावर करणार?' अहो, नोंदणी नसताना उपचार करतो हीच माझी तक्रार! 1984 चा पशुवैद्यक परिषद कायदा मग कशासाठी आहे? सुई हातात घेण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. खरा डॉक्टर रागावत नाही.

म्हापशाच्या डॉक्टरबाईंकडे पोचले तेव्हा गाठ सुपारीएवढी झाली होती. दोन सेंटीमीटरच्या आत काढली तर मांजर काही वर्षं जगू शकतं, तीनच्या पुढे आशा झपाट्याने कमी होते, असं त्यांनी सांगितलं. पाच आठवडे मी त्या इंजेक्शनांच्या पिवळ्या पाण्यावर घालवले. आधी छातीचा एक्स-रे, मग शस्त्रक्रिया. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट नवव्या दिवशी आला. कॅन्सरच.

टाके सुकलेत. खातेय नीट. फुप्फुसं पुन्हा बघायची आहेत, पुढच्या महिन्यात.