‘जपानी’ ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर घेताय? ४३,८५० रुपये घालवून लिहितोय

हसायचं ते आधीच हसून घ्या: ४३,८५० रुपये. १५,००० आगाऊ, २८,००० माल निघायच्या आदल्या दिवशी, ८५० पॅकिंग नि एसटी पार्सलचे. दोन ट्रान्सफॉर्मर. आंब्याचे पैसे होते, पावसाआधी पडवीचे पत्रे बदलायचे होते. घरात रोज ऐकतोय.

मी २ए३ या जुन्या व्हॉल्व्हचा पुशपुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढणारा) अ‍ॅम्प बांधतोय. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर म्हणजे आधीच्या व्हॉल्व्हचा सिग्नल या जोडीला पोचवणारा. फिक्स्ड बायसवर (ग्रिडला वेगळा ठराविक व्होल्टेज देऊन) जोडीतून १५ वॅट काढायचे तर प्रत्येक ग्रिडला, म्हणजे व्हॉल्व्हच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाला, ६२ व्होल्टचा झोका लागतो, एकमेकांच्या उलट. सेकंडरीला (बाहेर देणाऱ्या गुंडाळीला) मधोमध टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर हे काम एकटा करतो. मला १ ला १+१ हवा होता, म्हणजे आत जेवढे व्होल्ट तेवढेच सेकंडरीच्या प्रत्येक अर्ध्यात; ६एसएन७ या छोट्या व्हॉल्व्हमधल्या दोनपैकी एका ट्रायोडवर चालणारा. त्या ट्रायोडचा रोध ७.७ किलोओहम. ३० हर्ट्झच्या खर्जापर्यंत उतरायचं तर प्रायमरीला (आत घेणाऱ्या गुंडाळीला) ४० हेन्री इंडक्टन्स हवा, तेही ९ मिलिअँपिअर डीसी वाहत असताना, म्हणजे कोअरच्या लोखंडात बारीकशी गॅप हवीच, नाहीतर डीसीने ते भरून जातं. हे सगळं मला तोंडपाठ आहे, तेव्हा ‘अभ्यास न करता घेतलंस’ असं कोणी लिहू नका.

विकणारा म्हणाला, रत्नागिरीत बंदराजवळच्या बंद पडलेल्या रेडिओ दुकानातला माल, ४० वर्षं पेटीत पडून. फोटोत काळा डबा, चार लोखंडी स्क्रू. चकाचक! बंदराजवळ ४० वर्षं आणि स्क्रूच्या खाचेत गंजाचा कण नाही! आमच्या कपाटाची बिजागरी दोन पावसाळ्यांत खाल्ली जाते. खारी हवा लोखंडाला सोडत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि बायकोला म्हटलं, काय जपलंय बघ.

व्हिडिओ कॉलवर त्याने रेशो मोजून दाखवला, प्रायमरी ते सेकंडरीचा एक अर्धा, १ ला १.०९. प्रायमरीचा रोध ३८ ओहम आला, तेव्हा मी विचारलं, एवढा कमी? “दादा, जाड तार आहे, म्हणून तर जपानी.” ग्रिड करंट घेणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये सेकंडरीचा रोध कमीच मागतात, त्यामुळे ऐकायला पटलं. पण ४० हेन्रीला बारीक तारेचे हजारो वेढे लागतात, रोध शेकड्यांत यायला हवा. ३८ दिसला की फोन ठेवून द्या.

जोडल्यावर भजनात टाळ तेवढे ऐकू येत होते, पखवाजाची धूम गायब. शेवटी डबा कापला, डांबर वितळवलं. आत जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा मेन ट्रान्सफॉर्मर, घरच्या विजेवर चालणारा! २३० व्होल्ट इकडे, २५०-०-२५० तिकडे, म्हणून रेशो जुळला. हीटरची जाड तार मुळाशी छाटून कागदाखाली दाबलेली. कोअरचे पत्रे आलटून पालटून भरलेले, गॅप नाही. मोजले तर ७ हेन्री. म्हणजे १७५ हर्ट्झच्या खालचा आवाज गळायला सुरुवात, डीसी वाहायला लागला की त्याहून वाईट.

पोलीस ठाण्यात गेलो. “ट्रान्सफॉर्मर? काका, वीज मंडळात जा.” समजावलं तर, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, व्यवहाराचा वाद आहे.” पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) आहे, हे मीच त्यांना सांगायचं! अर्जावर शिक्का मागितला तर साहेब बंदोबस्ताला. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीसाठी वकिलाकडे गेलो तर, तो धंदाच करतो याचा पुरावा आणा, शिवाय वस्तू खोटी असल्याचा तज्ज्ञाचा दाखला. दाखल्यासाठी कॉलेजात गेलो, तिथले सर म्हणाले, व्हॉल्व्ह आमच्या अभ्यासक्रमात नाही. कापलेला डबा पिशवीत घालून मी दारोदार, आणि प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, “हे चालवायचं कशाला, ब्लूटूथ घ्या की.”

पैसे गेल्याचा संशय आला की त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, माझ्यासारखं डबा कापत बसू नका. आगाऊ पैसे देऊच नका. हातात आल्यावर ६.३ व्होल्टच्या हीटर ट्रान्सफॉर्मरने प्रायमरीला एसी द्या, मल्टिमीटर सिरीजमध्ये. ४० हेन्रीला अर्धा मिलिअँपिअर येतो, मला २.८ आला. आणि डबा उघडू न देणाऱ्याकडून काही घेऊ नका, मग तो कितीही ‘दादा’ म्हणो.

तोच काळा डबा आता जाहिरातीत एक नग २४,००० ला लागलाय. पाठवण्याचा खर्च वेगळा.