होंडा बीट घ्यावी की सुझुकी कॅपुचिनो?

दोन्ही १९९१च्या छोट्या, दोन सीटच्या, छत उघडणाऱ्या जपानी स्पोर्ट्स गाड्या. दोन्हींची लांबी ३२९५ मिमी, रुंदी १३९५ मिमी, ताकद ६४ पीएस (म्हणजे साधारण तेवढीच हॉर्सपॉवर). जपानच्या 'केई' (छोट्या गाड्यांच्या) वर्गाचे नियमच तसे होते: ३.३ मीटर लांबी, १.४ मीटर रुंदी, ६६० सीसी. ६४ पीएसची मर्यादा कंपन्यांनी आपसात पाळली. कापड एकाच मापाचं, पण दोन शिंप्यांनी ते अगदी वेगळं बेतलं.

बीटचं इंजिन सीटच्या मागे. म्हणून बॉनेट आखूड आणि उतरतं, पुढची चाकं १३ इंची तर मागची १४. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही. तीन सिलिंडरना तीन स्वतंत्र थ्रॉटल (हवेच्या झडपा), आणि ६४ पीएस मिळतात थेट ८१०० आरपीएमला. तोवर गाडी निवांत असते, त्यामुळे सतत गिअर बदलत राहावं लागतं. ज्याला हे कटकटीचं वाटेल त्याने बीटच्या वाटेला जाऊ नये. मोटरसायकलसारखे उभे मीटर आणि झेब्र्याच्या पट्ट्यांच्या सीट पाहिल्या की ही गाडी आखणाऱ्यांनी मजा केली हे कळतं.

कॅपुचिनोचं बॉनेट लांब, शेपूट तोकडी; जुन्या ब्रिटिश रोडस्टरची ठेवण. इंजिन पुढे, पण मागे सरकवलेलं, त्यामुळे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास निम्मंनिम्मं. टर्बोमुळे टॉर्क (ओढ) ८५ एनएम, बीटचा ६०. घाटात हा फरक लगेच जाणवतो. (सुरुवातीच्या गाड्यांतलं एफ६ए इंजिन आपल्या मारुती ८००च्या इंजिनाचंच भावंड.) खरी करामत छताची. तीन अॅल्युमिनियमचे तुकडे काढा, मागची काच खाली ढकला, की बंद कूपेची उघडी गाडी होते. तुकडे मात्र डिकीत जातात आणि डिकी भरते. बीटला साधं कापडी छत. सामानाची जागा तिच्यातही नावालाच.

गंज दोघींनाही लागतो. विकत घेताना दाराखालचे सिल आणि मागच्या चाकांच्या कमानी खालून बघा. बीटच्या इंजिन कॉम्प्युटरमधले कपॅसिटर गळतात, ते बदललेत का हे विचारा. होंडाने २०१७पासून बीटचे काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले, ही तिची मोठी जमेची बाजू.

भारतात इतकी जुनी गाडी आणता येत नाही, त्यामुळे हा हिशेब जपान, ब्रिटन, अमेरिकेतल्यांसाठी. ब्रिटनमध्ये कॅपुचिनो अधिकृतपणे विकली गेली होती. अमेरिकेत अशी गाडी आणायला ती किमान २५ वर्षांची असावी लागते, ती अट कधीच पुरी झाली आहे, पण काही राज्यं केई गाडीची नोंदणी करत नाहीत. पैसे द्यायच्या आधी ते तपासा.

रोज वापरायची, डोंगराळ भागात राहता, तर कॅपुचिनो. फक्त रविवारची गाडी हवी असेल तर मी बीट घेईन. आणि त्याच काळातल्या, वर उघडणाऱ्या दारांच्या ऑटोझॅम एझेड-१ या केई गाडीचा मोह होत असेल, तर ती जेमतेम साडेचार हजारांच्या आसपास बनली, त्यामुळे किंमतही तशीच चढी.